अकरा पोती लाख

आंबागड,
१४ नोव्हेंबर २०२४

भाचीबाई तृप्ती,

जयभीम. आधी तुझ्या पायावर डोकं, मंग बाकीचं. मामानं भाचीच्या पाया पडायचं हा आपल्याकडचा रिवाज, तो मी कागदावरही सोडत नाही.

मी फोन काहून करत नाही म्हणून तू रागावून राहिली, असं मामी म्हणते. अव बाई, इथे गडाच्या पायथ्याशी रेंज येते ती फक्त बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या बांधावर. तिथे उभं राहून बोललं का अर्धं गाव कान देते. आणि दुसरी गोष्ट, चौतीस वर्षं मी या गावचा पोस्टमास्तर होतो. लोकायच्या मनीऑर्डरी वाटल्या, राख्या वाटल्या, कोर्टाचे कागद वाटले. माझ्या नावानं आलं ते एकच, रिटायर झाल्याचं. आता तू लिहायचं आणि मी वाचायचं. हैदराबादेत मोठ्या नोकरीले लागली तरी यात सूट भेटणार नाही.

आता बातमी. तुझी मामी सत्तावीस बायकायच्या लाख गटाची अध्यक्ष झाल्यापासून मी या घरात साधा सभासद आहो, हे तुले ठाऊकच आहे. परसाच्या, तुमच्या पुस्तकातल्या पळसाच्या, फांद्यावरची लाख खरवडायची, पाण्यात धुऊन दाणा साफ करायचा आणि बांगडीवाल्याले द्यायची, एवढाच आजवर या बायकायचा धंदा होता. औंदा दसऱ्याच्या सुमाराले एका औषध कंपनीचे लोक आले. त्यायले ही लाख गोळ्यायवर चढवायले पाह्यजे म्हणे. त्यायनं झाडाझाडाले नंबराची पत्र्याची चकती ठोकली. प्रत्येक पोत्याले चिठ्ठी लागणार. तिच्यावर मोबाइल धरला का कोणत्या झाडाची लाख, कोणी खरवडली, कोणत्या दिवशी धुतली, सगळं दिसते. माझ्या वेळी रजिस्टर पत्राचीही एवढी चौकशी नव्हती.

बायका खूश आहेत. बांगडीवाला हंगामाले एकदा येते, मनात आलं तर येतही नाही. ही कंपनी वर्षातून दोन्ही हंगाम घेईन म्हणते, माल पास झाला तर.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. काल मामीनं त्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला. मंग तू स्वेटर पाठवला होता तो खोका माळ्यावरून काढायले लावला. दोन्ही पत्ते एकच निघाले. ती खाटेवर बसूनच गेली. आपला माल तुझ्याच कंपनीत चालला, पोट्टी. तुले हे माहीत होतं का?

तुझा रिटायर पण चालू मामा,
तेजराम


हैदराबाद,
२५ नोव्हेंबर २०२४

मामाजी,

जयभीम. डोकं पायावरून उचला, मले इथे बसल्याबसल्या लाज वाटते.

मले माहीत नव्हतं. तुमचं पत्र कॅन्टीनमध्ये उघडलं आणि असा आवाज काढला का बाजूच्या टेबलावरची रीता पाणी घेऊन आली. आमच्याकडे लाखेची बोलणी चालू आहेत हे कानावर होतं. पण ती आंबागडची लाख असेल, मामीच्या हातची, हे कोणाच्या डोक्यात येईल?

तुमी सकाळी छातीची छोटी गोळी घेता ना, तिच्यावर एक पातळ कोट असते. पोटातल्या आंबट पाण्यात तो कोट टिकते आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळते. कोट नसला का गोळी पोटातच फुटते आणि पोट जळते. हा कोट आमची कंपनी बाहेरच्या देशातून आणत होती. मागे एक जहाज दोन महिने कुठल्यातरी बंदरात अडकलं. गोळ्या तयार होत्या, कोट नव्हता. मशिनी बंद, गोदाम भरलेलं, आणि दवाखान्यातून फोनावर फोन. तेव्हापासून वरच्या लोकायनं ठरवलं का जे आपल्या देशात, आपल्या झाडावर भेटते ते इथूनच घ्यायचं, पण कोणत्या झाडाचं ते माहीत पाह्यजे. म्हणून त्या चकत्या.

आता नीट ऐका, कारण येणारा कच्चा माल तपासायचं काम माझ्याकडेच आहे. तुमाले जो कागद दिला त्यावर जेवढं लिहिलं तेवढंच करा. कमी नाही, जास्तही नाही. तीन पाण्यानं धुवा म्हटलं तर तीनच. जे कराल ते वहीत लिहा. आणि पोत्यावर किंवा कुठेही माझं नाव घेऊ नोका. माझं इथे नातं आहे हे मले आमच्या मॅडमले सांगावं लागते. सांगीन. आधी माल येऊ द्या. खरं सांगू? सांगितलं तर पोती दुसऱ्या टेबलावर जातील, आणि मले ती लाख पयल्यांदा स्वतःच्या हातात घ्यायची आहे.

मामीले म्हणा, धुताना पाय जपा. लहानपणी तिचे लाखेच्या पाण्यानं लाल झालेले तळवे पाहून मी रक्त निघालं म्हणून रडली होती.

तुमची,
तृप्ती


आंबागड,
११ डिसेंबर २०२४

भाचीबाई,

पायावर डोकं आहेच, ते उचलायचं का नाही हे तू ठरवायचं नाही.

काल अकरा पोती रवाना झाली. टेम्पो तुमसरच्या रस्त्याले लागेपर्यंत सत्तावीस बायका पाळीवर उभ्या होत्या. मीही होतो, पण मले कोणी जागा दिली नाही.

तुझं पत्र मी सगळ्यायले वाचून दाखवलं. तू लिहिलं जास्त काही करू नोका, नाव घेऊ नोका. मी मामीले समजावलं का पोट्टी लाजून राहिली. चार लोकांत मामा-मामीनं कौतुक केलेलं शिकलेल्या पोरीयले आवडत नाही. मामी म्हणाली, लाजू दे. तरी तुझ्या शब्दाचा मान ठेवला, पोत्यावर तुझं नाव नाही. तीन पाणी म्हटलं तर तीनच पाणी दिले. पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, तिसरं साफ. सावलीत वाळवली. रोजची रोज वही मी स्वतः लिहिली, डाकखान्याच्या अक्षरात. तुझ्या मॅडमले वाचायले त्रास नाही होणार.

फक्त तिसऱ्या पाण्याच्या वेळी मामीनं सगळ्या बायका जमवल्या आणि विचारलं का माल कोणाच्या घरी चालला. सगळ्या म्हणाल्या, भाचीच्या. मंग मामी म्हणाली, भाचीच्या घरी कोरा माल धाडायचा का? आपल्याकडे पूजापाठ नाही, पण हळद ती हळद. लग्नात लागते, लेकीले लागते, सुनेले लागते. तिनं घरची कुटलेली हळद आणली आणि शेवटच्या पाण्यात टाकली, स्वतःच्या हातानं. काय सांगू तुले, तो दाणा वाळला तेव्हा सोन्याचा दिसत होता. बांगडीवाला आला असता तर हात जोडून उभा राहिला असता.

वहीत ते लिहिलं नाही. धुणं लिहिलं, वाळवणं लिहिलं, तारखा लिहिल्या. मान कोणी वहीत लिहिते का? पण तुझ्या हातात आल्यावर तुले रंगावरून समजेलच, मामी म्हणते.

माल पाहून लगेच लिही. इथे सगळ्या मले दिवसातून चार वेळा विचारतात, टपाल आलं का. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आणि आता अश्विन पोस्टमास्तर आहे, हे त्यायले कोण सांगेल?

तेजराममामा


हैदराबाद,
२ जानेवारी २०२५

मामाजी,

उशीर झाला. कारण वाचल्यावर समजेल. हे पत्र एकटेच वाचा.

पोती सोळा तारखेले आली. मी पहिलं पोतं उघडलं आणि वास घेतला. परसाचा, आपल्या अंगणाचा वास. पण रंग पाहून हात थांबला. लाख पिवळी असते, पण एवढी नाही. नमुना मशिनीत घातला तर पडद्यावर लाखेच्या रेघांसोबत एक अशी रेघ उठली जी तिथे असायलेच नको. मी पुन्हा घातला. काचेची भांडी बदलली, मशिन धुतली, पुन्हा घातला. अकराही पोत्यात तीच रेघ.

मॅडम म्हणाल्या, हे व्यापाऱ्यांचं जुनं काम आहे, हलका माल रंगवून भारी दाखवायचा. असं करणाऱ्याचं नाव आमच्याकडे यादीतून कायमचं कटते. पुढच्या शुक्रवारी मले लिहून द्यायचं आहे का हा रंग कशाचा. मी अकरा दिवस तो रंग शोधत होती. सत्तावीस तारखेले तुमचं पत्र आलं. वाचतावाचता मी हसली, आणि मंग होस्टेलच्या जिन्यात बसून रडली.

मामाजी, तुमचं पत्र माझ्याशिवाय कोणी पाह्यलं नाही. आपलं नातंही मी अजून सांगितलं नाही. मॅडमनं परसाचं झाड जन्मात पाह्यलं नाही. मी असं लिहू शकते का हा रंग त्या झाडाचाच आहे, फुलाचा उतरला असेल. माझ्या अहवालावर वर कोणी प्रश्न विचारत नाही. आणि हळदच तर आहे, आपण रोज वरणात खातो. कोणाले काय होणार? पण नाव कटलं तर सत्तावीस घरचा धंदा पुन्हा बांगडीवाल्याच्या दारात जाईल, आणि मामीच्या माथ्यावर भेसळीचा डाग लागेल. मामीच्या माथ्यावर, मामाजी. मले ते पाहवणार नाही.

तुमी फक्त एवढं करा. कोणी विचारायले आलं तर हळदीचं नाव काढू नोका. मामीले काहीच सांगू नोका. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होती. तेव्हापासून तुमी दोघं देतच आले. एकदा मले देऊ द्या.

तृप्ती


आंबागड,
७ जानेवारी २०२५

तृप्ती,

हे पत्र स्पीडपोस्टानं धाडून राहिलो, तुमसरले जाऊन. शुक्रवारच्या आधी पोचलं पाह्यजे.

तुझं पत्र मी मामीले वाचून दाखवलं. मामीले सांगू नोका, हे वाक्यही वाचलं. मी तुझ्यावर वीस वर्षांत पहिल्यांदा रागावलो आहो, आणि रागाच्या भरात लिहून राहिलो, तर अक्षर सांभाळून घे.

भाचीले द्यायचं असते. भाचीकडून घ्यायचं नसते. आमी तुझ्या पाया पडतो ते काय तू आमच्यासाठी खोटी सही करावी म्हणून? तू ज्या दिवशी तसं लिहिशील, त्या दिवसापासून मी तुझ्या पायावर डोकं कोणत्या तोंडानं ठेवू?

तू म्हणशील, हळदीनं काय होते. मले औषधातलं समजत नाही. टपालातलं समजते. तुले एक गोष्ट सांगतो जी तुझ्या मामीशिवाय कोणाले ठाऊक नाही. सत्त्याण्णव साली आपल्या गावच्या कुंताबाईच्या नावाचं पत्र आलं होतं. तिचा भाऊ बालाघाटले मरणाच्या वाटेवर होता, लवकर ये म्हणून. पोस्टकार्ड होतं, म्हणून वाचलं गेलं. दोन दिवसांनी कुंताबाईच्या मोठ्या पोरीचं लग्न होतं, दारात मांडव उभा होता. मले वाटलं, आता हे तिच्या हातात दिलं तर लग्नाचं घर रडेल. मी ते कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं आणि लग्न झाल्यावर, तिसऱ्या दिवशी दिलं. ती निघाली तोवर भाऊ गेला होता. मी सांगितलं, टपाल उशिरा आलं. ती अजूनही दरवर्षी माझ्या घरी आंबे धाडते. मी चांगुलपणा केला होता, पोट्टी. दुसऱ्याच्या टपालात मी आपली माया घातली, आणि त्याची किंमत तिनं दिली. मामीनं तेच केलं, आणि आता तू करून राहिली.

मामीचं सांगतो. ऐकून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मंग म्हणाली, माझ्या हातानं झालं तर माझ्या हातानं लिहीन. ती चौथी शिकली, हे तुले माहीत आहे. तीन कागद फाडले. मी एक शब्दही सुधारला नाही, मागतलं असतं तरी सुधारू दिला नसता. तो कागद सोबत आहे. तुझ्या मॅडमच्या हातात दे. आपलं नातंही सांग. मंग जे होईल ते होईल.

तेजराममामा

(सोबतचा कागद)

कंपनीच्या मॅडमले पंचफुला तेजराम गोंडाणे, आंबागड, हिचा जयभीम.

अकरा पोत्याच्या मालात हळद आहे. ती म्या टाकली. बाकी बायका माझं ऐकतात म्हणून त्यायनं हात लावला, त्यायचा दोष नाई. माल खराब होता म्हणून नाई टाकली. माल चांगला होता. जी पोरगी तुमच्याकडे माल पाह्यते ती माझी भाची आहे, म्या तिले वाढवलं. तिच्याकडे कोरा माल कसा धाडावा म्हणून मानाची टाकली. तिनं पत्रात सांगतलं होतं जास्त काही करू नोका. आमाले वाटलं ती लाजते.

वहीत लिहिली नाई ही चूक आहे. आता लिहून देते. तिसऱ्या पाण्यात, एका टाक्याले दोन मुठी. घरची हळद, वाळवून कुटलेली. मूठ माझी.

पंचफुला


हैदराबाद,
२० फेब्रुवारी २०२५

मामाजी, मामी,

जयभीम. पहिले मले माफ करा. मंग वाचा.

स्पीडपोस्ट गुरुवारी आलं. शुक्रवारी मी कोरा अहवाल, तुमचं अकरा डिसेंबरचं पत्र आणि मामीचा कागद, तिन्ही घेऊन मॅडमसमोर उभी राहिली. मामीचा कागद मी त्यायले हिंदीत वाचून दाखवला. "मूठ माझी" या ओळीवर त्या थांबल्या आणि पुन्हा वाच म्हणाल्या. मले वाटलं आता हसतील. त्यायनं कॅन्टीनमधून हळद मागवली आणि मले विचारलं, तुझ्या मामीची मूठ तुझ्याएवढी आहे का मोठी? मी म्हटलं, मोठी. मंग आमी खरोखर एका टाक्याच्या हिशोबानं पाणी घेतलं, हळद घातली, साफ लाख त्यात धुतली आणि मशिनीत लावली. रेघ उठली ती पोत्यातल्या रेघेच्या बरोबरीनं. मामीनं जे लिहिलं तेच, तेवढंच होतं.

तरीही माल परत येऊन राहिला. अकराही पोती. मी खूप वेळ विचारत राहिली का हळदीनं कोणाचं काय बिघडते. मॅडमनं रागावून नाही, बसवून सांगितलं. उद्या कोणा बाईले ही गोळी खाऊन अंगावर पुरळ आलं, तर तिचा डॉक्टर गोळीत काय काय आहे ते कागदावर पाह्यते. कागदावर हळद नाही. तो दुसरीकडे शोधत राहते आणि तोवर ती बाई तीच गोळी खात राहते. ती बाई कोण, कुठली, आपल्याले कधी समजत नाही. मी चार वर्षं हे काम करून राहिली, आणि हे मले तुमच्या कुंताबाईच्या गोष्टीनंतरच खरं समजलं.

गटाचं नाव यादीतून कटलं नाही. व्यापारी रंगवतात तेव्हा लपवतात, यायनं स्वतः लिहून दिलं आणि तपासात खरं निघालं, असं मॅडमनं वर लिहिलं. बैसाखीच्या, म्हणजे उन्हाळी, हंगामाले एकदा पुन्हा माल मागवतील. त्याआधी एक माणूस येऊन धुणं दाखवून जाईल. हा शेवटचा मोका आहे, हेही सांगितलं.

माझं सांगते. नातं लपवलं आणि चौदा दिवस खरं माहीत असून गप्प बसली, याचं पत्र माझ्या फाइलीत लागलं. औंदाची बढती गेली. मले कच्च्या मालावरून काढून पाण्याच्या तपासणीवर टाकलं. तुमचा माल आता रीता पाह्यणार. ती नाशिकची आहे, तिले आंबागड नकाशावरही सापडणार नाही.

वाईट वाटलं. खोटं काहून सांगू? पहिला आठवडा पाण्याच्या बाटल्या भरताना डोळे भरून यायचे. पण एक गोष्ट आहे मामी. मी त्या खोलीत भीत भीत गेली होती, आणि तुझा कागद वाचता वाचता माझा आवाज मोठा होत गेला.

तुमची,
तृप्ती


आंबागड,
१८ मार्च २०२५

भाचीबाई,

पायावर डोकं. पुन्हा ठेवायले भेटलं, म्हणून जरा जास्त वेळ ठेवलं.

पोती आली. जशी गेली तशी, पण ज्या दिवशी गेली त्या दिवशी पाळीवर गर्दी होती, आणि उतरवायले मी, मामी आणि कुंताबाई तिघंच. बायका रागावल्या आहेत. बांगडीवाल्यानं पिवळा माल पाहून आधी नाक मुरडलं, मंग मनाले येईल त्या भावात नेला. दोघी गट सोडून गेल्या. मामीनं अध्यक्षपद सोडते म्हटलं. तेव्हा बाकीच्या म्हणाल्या का सोडायचं असेल तर बैसाखीचा माल पास करून सोड, असं मधातच नाही. दुसऱ्या दिवशीपासून वही मामी स्वतः लिहून राहिली. माझ्या अक्षराले सुट्टी.

आणि मी कुंताबाईले सांगितलं. तुले खरं लिहायले लावून मी स्वतः गप्प बसणं बरं दिसत नव्हतं. पोती उतरवून झाल्यावर ओट्यावर बसलो आणि पोस्टकार्डाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मंग म्हणाली, "पोस्टमास्तर, मले माहीत होतं. कार्डावर तुमच्याच डाकखान्याचा शिक्का होता, कार्ड आल्या तारखेचा. मले वाचता येते."

अठ्ठावीस वर्षं तिले माहीत होतं, तृप्ती. मी विचारलं, मंग बोलली काहून नाहीस? ती म्हणाली, "तुमी मायेनं केलं, म्हणून भांडता नाही आलं. पण भावाचं तोंड दिसलं नाही ते नाहीच दिसलं."

मी रडलो. या वयात, उघड्या ओट्यावर. मामीनं पाणी आणून दिलं. एवढंच लिहायचं होतं.

तेजराममामा


आंबागड,
१७ ऑगस्ट २०२५

तृप्ती माय,

हे पत्र म्या लिहून राहिली. तुझे मामा बाजूले बसून तोंड वाकडं करून राहिले, त्यायले वाटते माझ्या पत्रात चुका आहेत. असू दे.

बैसाखीचा माल नऊ पोते झाला. कंपनीचा माणूस येऊन दोन दिवस राहिला होता, भला माणूस, आमच्याकडे पाटोडीची भाजी खाऊन गेला. त्यानं सांगतलं तसं केलं. म्या वहीत सगळं लिहिलं. एका दिवशी टाक्यात परसाचं पान पडलं, तेही लिहिलं, काढलं तेही लिहिलं. बायका हसल्या. हसू दिलं.

माय, तुले एक सांगते, रागावू नोको. औंदा माल धुताना म्या तुझी आठवण येऊ दिली नाई. मनात आली का हात थांबवायची, पाणी पिऊन यायची, मंग पुन्हा बसायची. मागच्या वेळी तुझ्यासाठी धुतला होता. औंदा कोणासाठी धुतला, मले माहीत नाई. कुठली बाई खाईल, तिचं नाव काय, तिले काय दुखते, काही माहीत नाई. पण हात तसाच चालवला, जसा तुझ्यासाठी चालवला होता. त्यापेक्षा कमी नाई.

तू बढती गेली लिहिलं तेव्हा मले दोन दिवस भाकर गोड नाई लागली. तुझे मामा म्हणतात, पोट्टी ताठ मानेनं पाणी तपासून राहिली, त्यात कमीपणा नाई. मले त्यायच्यासारखं बोलता येत नाई. मले तुझं वाईट वाटते आणि तुझा अभिमानही वाटते, दोन्ही एका वेळी वाटते, आणि कोणतंच कमी होत नाई. दिवाळीले सुट्टी भेटली तर ये. नाई भेटली तर आमी येतो. तुझ्या मामानं आतापासूनच बॅग पाहून ठेवली.

काल कंपनीचा कागद आला. अश्विन पोस्टमास्तर सायकल टाकून पळत आणून देऊन गेला. आमी सगळ्या अंगणात बसलो, ज्या दोघी सोडून गेल्या होत्या त्याही कुडाजवळ येऊन उभ्या राहिल्या. तुझ्या मामानं वाचला. नऊच्या नऊ पोते पास. पुढचा कातकीचा, दिवाळीकडचा, मालही पाह्यजे असं लिहिलं. खाली सही रीता नावाच्या पोरीची.

कुंताबाई म्हणाली, आपल्या तृप्तीची सही असती तर बरं वाटलं असतं. खरं सांगते, सगळ्यायचे चेहरे उतरले, माझाही. मंग म्या म्हटलं, "तिची सही नाई, म्हणून तर हा कागद आपला आहे."

तुझ्या मामानं चष्मा पुसला आणि तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायले लागले, आणि आमी सगळ्या ऐकत बसलो.

तुझी मामी,
पंचफुला